दीड एचपीची मोटार

“पाच दिवसांनी पाणी सोडतात, तेही घाण वास मारतंय,” शेजारची भार्गवी गोदावरीकाकूंच्या कानाशी कुरकुरली. सगळी गल्ली नाकाला पदर लावून खड्ड्याभोवती उभी होती. शेवटच्या घरातल्या सोजरबाईंची नात काविळीनं दवाखान्यात पडली, तेव्हा कुठं आज प्लंबर आला होता.

पाण्याची लाइन गटाराला खेटून गेलेली, आणि तिला बोटभर चीर.

“पाण्याला जोर असला की चिरेतनं पाणीच भाईर येतं,” प्लंबर म्हणाला. “पन लाइनीला कुनी मोटार लावली, तर ती मिळंल ते आत ओढती. गटारसुदिक. कुनाकडं हाय का मोटार?”

“छे हो,” भार्गवी म्हणाली. दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. गटाराचा वास होताच, त्यात ही सोज्वळ तोंडं. या प्रत्येकीच्या न्हाणीघरात गोणपाटाखाली मोटार होती. शेजारणीनं अर्ध्या एचपीची बसवली म्हणून हिनं एकची, हिची एकची म्हणून तिसरीनं दीडची.

सोजरबाई हात जोडून प्लंबरला म्हणाल्या, “माज्याकडं तर न्हाय बाबा. समद्यांचं भरून झालं की येतं, तेवढंच आमी भरतो.”

काकूंनी नाकावरचा पदर काढला.

“सोजरबाई, माझी दीडची आहे. इथं सगळ्यांच्याच आहेत. तुमच्या नातीला गटार आम्ही पाजलंय.”