समाजहिताची कंपनी

"शिक्का मार आणि मोकळी हो," रुटगर खालच्या आवाजात म्हणाला. "चार शब्दांचा तर प्रश्न आहे."

नोटरीच्या दाराबाहेर उभ्या उभ्या फेनाने कागद पुन्हा वाचला. डेव्हेंटर या डच गावातला रुटगरचा धुलाईखाना सरकारदरबारी 'समाजहिताची खासगी कंपनी' होता. कागदाचं इंग्रजी भाषांतर रुटगरने घरीच उरकून आणलं होतं आणि तिथे इंग्लंडच्या कायद्यातल्या लोकहित कंपनीचं नाव बिनदिक्कत डकवलं होतं. तिकडे तसली कंपनी विकून मालकाला खिसे भरता येत नाहीत, कायदाच हात धरतो. इकडे समाजहित म्हणजे दारावरची पाटी. मालकाच्या मनात येईल त्या दिवशी उतरते.

आत मिसेस प्रिचर्ड वाट बघत होत्या. त्यांची इंग्लिश धर्मादाय संस्था गावातली आपली इमारत धुलाईखान्याला फुकट देणार होती. ती मिळाली नाही तर नाताळात धुलाईखाना बंद. तिथे चादरींच्या घड्या घालणाऱ्या चौतीस माणसांना दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं. त्यांतला एक फेनाचा थोरला भाऊ, योरिस.

"निदान योरिसचा तरी विचार कर."

"तोच करतेय," फेना म्हणाली. मग तिने रुटगरची ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'खासगी कंपनी. समाजहिताचा उद्देश भागधारकांनी जाहीर केला आहे. ते तो केव्हाही बदलू शकतात. इंग्रजी कायद्यात याला नाव नाही.' शपथ घेतलेल्या अनुवादकाचा शिक्का तिने त्यावर मारला.

"भावापेक्षा शपथ मोठी झाली," रुटगर म्हणाला आणि तिच्या आधी आत शिरला.

नोटरीसाहेबांनी प्रत्येकाला कॉफी आणि एकेक बिस्किट दिलं, डबा बंद केला आणि दस्त मोठ्याने वाचायला घेतला. फेना एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती. मिसेस प्रिचर्ड यांचं बोट अनुवादाच्या त्या ओळीवर येऊन थांबलं.

"उद्या यांनी सगळं विकायला काढलं, तर अडवणार कोण?"

फेनाने प्रश्न डचमध्ये विचारला. रुटगरने छातीवर हात ठेवला. "माझी सदसद्विवेकबुद्धी."

फेनाने तेही इंग्रजीत सांगितलं.

नोटरीसाहेबांनी चष्मा लावून भागधारकांची यादी पाहिली. "या सदसद्विवेकबुद्धीचं नाव इथे दिसत नाही," ते म्हणाले. "पण सोपं आहे. नियमावलीत एक कलम घालू. बाईंच्या संस्थेच्या संमतीशिवाय ना विक्री, ना उद्देशात बदल. आत्ता सही केलीत तर इमारत आजच तुमची."

फेनाने भाषांतर केलं. मिसेस प्रिचर्ड यांनी लगेच मान डोलावली. "एवढं असेल तर माझी काहीच हरकत नाही."

नोटरीसाहेबांनी पेन रुटगरपुढे सरकवलं.

रुटगरने पेन उचललं. टोपण काढलं. परत लावलं.

"आधी सल्लामसलत करावी लागेल," तो म्हणाला.

"कुणाशी?" नोटरीसाहेबांनी विचारलं. "सगळे शेअर तुमचेच आहेत."

"तरीसुद्धा. सोमवारपर्यंत वेळ द्या."

फेना मिसेस प्रिचर्ड यांच्याकडे वळली. "ते म्हणतायत..." तिने भाषांतराला सुरुवात केली.

"राहू दे बाळ," कागद पिशवीत भरत त्या म्हणाल्या. "एवढं डच मला कळलं."