घड्याळाची मोड

"भाऊ, हे मोडलं त किती येतीन?" शेवंताबाईंनी विचारलं.

काउंटरपलीकडचा दानिश हसला. पुण्याच्या मॉलमध्ये पाच वर्षं भारी घड्याळं विकून तो गेल्याच महिन्यात जळगावच्या या दुकानात आला होता. सोन्याच्या पेढीची पायरी तो कधी चढला नव्हता. "मोडणार नाही काकू. आणि मोडलंच तर घेऊन या. दोन वर्षं एक पैसा घेणार नाही आम्ही."

"घट धरत नही?"

"छे, छे! घट कसली?" घट म्हणजे काय ते त्याला कळलं नव्हतं. पण गिऱ्हाईक खूश दिसलं की फार खोलात शिरायचं नाही, एवढं तो शिकला होता.

शेजारी त्यांचे यजमान तोतारामभाऊ एसीत बसून घाम पुसत होते. हे दोघं दोन वेगळ्या गोष्टी बोलताहेत, हे त्या दुकानात फक्त त्यांनाच कळत होतं. उद्या विकायला आणलं तर हातात किती पडतील, ती मोड; त्यातून सोनार जे कापून घेतो, ती घट. जळगावात सोनं घेताना बायका डिझाइन नंतर बघतात, मोड आधी विचारतात. शेवंताबाई तर फ्रीज घेतानाही विचारून आल्या होत्या.

घड्याळाचं खूळ भाऊंच्या डोक्यात शिरलं ते मुलाच्या, जितेंद्रच्या साखरपुड्यात. व्याही मोतीलालशेठ कोटाची बाही सारून सारून वेळ बघत होते. अकरा वेळा बघितली. भाऊंनी मोजली. त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. लग्नात आपल्याही बाहीखालून तसंच घड्याळ निघालं पाहिजे, नाहीतर मी कोटच घालणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. यंदा केळीला भाव बरा मिळाला होता. शेवंताबाईंनी एक लाख मंजूर केले, पण दोन अटींवर. लाखावर रुपया जाणार नाही, आणि मोड येत असल्याशिवाय वस्तू घरात येणार नाही.

पहिलं घड्याळ शेवंताबाईंनाच आवडलं. चांगलं जाडजूड, चकचकीत, आत आणखी तीन छोटी घड्याळं.

"कोटावर हे नाही चालत काकू," दानिश म्हणाला. "बाही अडकते. कोटावर पातळच पाहिजे." आणि त्याने मखमली ताटलीत दुसरं ठेवलं. पांढरी तबकडी, दोन काटे, काळा चामड्याचा पट्टा. शहाण्णव हजार.

"सेकंदकाटा कुठी गेला?"

"याला नसतो."

"तारीख?"

"नसते."

"मंग हाये काय याच्यात?"

"साधेपणा, काकू."

शहाण्णव हजारांचा साधेपणा शेवंताबाईंनी तळहातावर तोलून बघितला. काही भरेना. तोवर भाऊंनी तो उचलून मनगटावर चढवलासुद्धा. बाही खाली ओढली, घड्याळ गडप. बाही वर सारली, घड्याळ हजर. भाऊ प्रेमातच पडले. लग्नमंडपात ते निदान वीस वेळा वेळ बघणार होते.

इथेच दानिशने गप्प बसायला हवं होतं. पण तो रंगात आला होता. "काकू, खरं सांगू? हे घड्याळ मोडतच नाही. तुमची पतवंडं वापरतील!"

शेवंताबाईंचं हसू मावळलं. "मोडतच नही?"

"कधीच नाही!"

"मंग अडीनडीले काय करायचं?"

दानिशने प्रामाणिकपणे विचार केला. "अडीनडीला... वेळ बघायची."

शेवंताबाई नवऱ्याकडे वळल्या. "जितूचे बाबा, काय म्हनतो हा?" दानिशही त्यांच्याचकडे वळला. "काका, काकूंना नक्की काय हवंय?"

एक थाप मारली असती तर घड्याळ भाऊंचं होतं. पण बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांची एकही थाप संध्याकाळपर्यंत टिकली नव्हती. त्यांनी मान खाली घातली. "विकायले आनलं त किती देशान, ते विचारते ती."

"असं होय!" दानिशला केवढं मोकळं वाटलं. "सोप्पं आहे. दुकानाबाहेर पाऊल टाकलं की किंमत निम्मी. तीसुद्धा घेणारा भेटला तर. आम्ही स्वतः तर परत घेतच नाही!"

भाऊंनी आपल्याच हाताने पट्टा सोडला. वाईट वाटलं त्यांना, फार वाईट वाटलं. घड्याळ ताटलीत ठेवताना त्यांनी शेवटची वेळ बघून घेतली. सव्वाबारा.

"थांबा जरा," शेवंताबाई म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळ उचललं. मग हळूच बोलल्या, "गोफ केला होता. मोड चांगली होती, तो बोअरमधी गेला. पाटल्या जितूच्या कॉलेजात गेल्या. बांगड्या ठिबकच्या नळ्यायमधी गेल्या. ज्याची ज्याची मोड आली, त्यातलं एकबी नही राह्यलं घरात."

भाऊंना भरून आलं. बायको म्हणते ते खरं होतं, शब्दन्‌शब्द खरं होतं.

"याले कोनी घेनार नही ना? नक्की?"

"नक्की, काकू," दानिश पडेल आवाजात म्हणाला.

"मंग हे राहीन."

भाऊंनी डोळे पुसले, बाही सारली आणि हात पुढे केला.

शेवंताबाईंनी घड्याळ ताटलीत ठेवलं आणि ताटली दानिशकडे सरकवली. "भाऊ, हेच बायांच्या हाताचं दाखव."