पिण्यास अयोग्य

माहिती अधिकारात मागितलेले पाणी-तपासणीचे अहवाल महापालिकेतील बाईंनी खिडकीतून पुढे सरकवले. "सगळे आहेत, काका. इथे सही करा."

सूक्ष्मजीवशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक देवस्थळी आकडे खोटे निघणार, या तयारीनेच आले होते. आकडे खरे होते. त्यांच्या गल्लीतील नमुन्यांपुढे गेला महिनाभर एकच शेरा होता: पिण्यास अयोग्य.

"हे कोणाला कळवलं का नाही?"

"लपवलंही नाही ना, काका! कोणी मागितलंच नव्हतं."

गल्लीत काविळीची कुजबुज सुरू झाली, तेव्हा बायको पाणी उकळायला निघाली होती. "पुराव्याशिवाय गॅस जाळायचा नाही," असे त्यांनीच तिला बजावले होते. घरी लेक शाल्मली बाळंतपणाला आली होती, आणि गरोदरपणी कावीळ काय करू शकते, हे त्यांनी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवले होते.

त्यांनी खिडकीपाशीच उभे राहून घरी फोन लावला. "शाल्मलीला नळाचा थेंब देऊ नकोस. आधी उकळ."

"महिनाभर उकळूनच देतेय सगळ्यांना," बायको शांतपणे म्हणाली. "तुम्हालासुद्धा. आणि तुम्ही रोज पेला संपवून म्हणता, उकळलेल्याला ही चव नाही."