तपासलेली वही

शिक्षकांच्या खोलीत फौजदारांनी वही उघडून धरली आणि विचारलं, "बाई, ही सही तुमचीच ना?"

गावंडे बाईंनी होकारार्थी मान हलवली. आठवीला चालू भूतकाळ शिकवून झाल्यावर त्यांनी दरवर्षीचाच गृहपाठ दिला होता. काल संध्याकाळी सात वाजता घरात कोण काय करत होतं, ते इंग्रजीत लिहा. चौसष्ट वह्या मधल्या सुट्टीत तपासायच्या, तर वाचत कोण बसतं? बाईंची नजर फक्त वॉज आणि आयएनजी शोधायची, की लाल पेन पुढे सरकायचं.

प्रांजलीची ती पाच वाक्यं त्यांनी आज पहिल्यांदा वाचली. फादर वॉज वॉचिंग टीव्ही. मदर वॉज कुकिंग. वहिनी वॉज क्रायिंग इन द रूम. ब्रदर वॉज लॉकिंग द डोअर. आय वॉज गिव्हिंग वॉटर फ्रॉम विंडो. प्रत्येक वाक्यापुढे ठसठशीत लाल खूण होती. खाली 'व्हेरी गुड', सही आणि मंगळवारची तारीख.

त्या कुलूपबंद खोलीत वहिनी शुक्रवारी गेली, तापानं आणि उपासमारीनं.

"घरात एवढं चाललं होतं, मग कुणाला सांगितलं का नाहीस, बाळा?" फौजदारांनी कोपऱ्यात उभ्या प्रांजलीला विचारलं.

पोरगी बाईंकडेच बघत होती.

"सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "मंगळवारपासून रोज शाळा सुटली की घराच्या दारात उभी राहत होते मी, बाई येतील म्हणून."