पडद्यावरचं मराठी
तहरीमचा प्रोग्राम मालकांसमोर मराठी बोलला, तर तिची नोकरी कायम होणार होती, शिवाय मॅनेजर शिवराज पैज हरून सगळ्यांना नान आणि मटणाच्या रश्शाचा नानखलिया खाऊ घालणार होते. चिकलठाण्याच्या कारखान्यात संगणकाला कोडमध्ये विचारलेला प्रश्न तो प्रोग्राम साध्या मराठीत सांगायचा. मालक बघायला आले, तेव्हा शिवराजांनी कामगारकपातीची नावं शोधणारा आपलाच प्रश्न दिला. पडद्यावर उमटलं, “कमी हजेरीचे कामगार शोधा, बाळंतपणाची रजाही गैरहजेरी धरा.” शिवराज कुजबुजले, “शेवटचं तेवढं झाका की, बाई. तुमची कायम नोकरीची ऑर्डर माझ्याकडंच हाय.” “सर, तुम्ही लिहिलं तेच बोलतंय,” म्हणत तहरीमनं पडदा मालकांकडं वळवला. कपातीच्या यादीवर सहीसाठी पेन उघडलेल्या मालकांनी वाक्य मोठ्यानं वाचलं. “हे माझ्या नावानं गेटवर लावू व्हय?” पेनाला टोपण बसलं. ते पुन्हा निघालं तहरीमच्या ऑर्डरवर सही करताना. बाळंतिणी कामावर राहिल्या. नानखलिया शिवराजांच्याच खिशातून झाला, ओरपलाही त्यांनीच जास्त.