दोन शेंड्यांचा पाइन

रॉयलनं यांत्रिक करवतीची दोरी ओढली, तोच मागून हाक आली, "बंद कर ते!"

लेटनबाई पायवाटेनं येत होत्या. ऐंशी उलटलेल्या, हातात काठी. हे सगळं रान त्यांचंच होतं. लाकूडवाले मागे लागले, तळ्याकाठी बंगले बांधणारे मागे लागले. बाईंनी ते गावच्या जमीन राखणाऱ्या ट्रस्टला देऊन टाकलं. अट एकच. इथलं एकही झाड तोडायचं नाही. रॉयल त्या ट्रस्टचा माणूस.

"मी नाही पाडलं, बाई. वादळानं पाडलंय," तो म्हणाला. "वाट अडलीय. शनिवारी लोक फिरायला येतील. तुकडे करून बाजूला लावतो."

बाई आडव्या पडलेल्या पाइनकडे बघत राहिल्या. "उभा कर त्याला."

"काय?"

"माझ्या कॉरिनला एवढीच खूण सांगितली होती. दोन शेंड्यांचा पाइन आला की डावीकडे वळायचं, घर दिसतं. सहा वर्षांची पोर. आणखी किती लक्षात ठेवणार?"

बाईंची लेक कॉरिन रानात हरवली तेव्हा रॉयलचा जन्मही झालेला नव्हता. त्याचे आजोबा शोधणाऱ्यांत होते. तळंसुद्धा ढवळलं होतं. पोरीचा बूटही मिळाला नाही.

"म्हणून झाडं तोडू देत नाही होय तुम्ही?"

"मग? रान बदललं तर वाट कशी ओळखणार ती?"

त्यानं करवत खाली ठेवली. वारा पडला होता. खोडापलीकडे वाळका पाला वाजला. हरीण असेल म्हणून त्यानं मान उंचावली. तिथं कुणीच नव्हतं. पाला मात्र वाजत जवळ येत होता, थांबत, घुटमळत, अगदी हलक्या पावलांनी. खोडाशी येऊन थांबला.

रॉयल एक पाऊल मागे सरला. बाई रोजच्या आवाजात म्हणाल्या, "झाड पडलंय गं, बाळ. डावीकडे वळ. डावीकडे."

मग पाला डावीकडे वाजत गेला, पळत, उतारावरून घराकडे. खाली ओसरीची पायरी करकरली.

"जा ना, बाई," रॉयल कसाबसा बोलला.

बाई खोडावर बसल्या होत्या. "भीती वाटते रे."

"तिची?"

"तिची कशाला? ती आईला शोधत असेल. दारात ही थेरडी बघून पुन्हा पळाली तर?"

बाईंनी हात पुढे केला. "टोपी दे तुझी."

शिकारीच्या दिवसांत चुकून गोळी लागू नये म्हणून घातलेली भडक नारिंगी टोपी त्यानं काढून दिली. बाईंनी ती कानांपर्यंत खाली ओढली, आणि बाहेर राहिलेला एकेक पांढरा केस बोटानं आत सारत त्या उतार उतरू लागल्या.