जाळीच्या आत एक

निघोज्याजवळच्या त्या कारखान्यात यंत्रं चालवणारे दोन पीएलसी, म्हणजे छोटे संगणक, एका केबलवरून एकमेकांशी बोलत. वेल्डिंगच्या रोबोभोवतीच्या जाळीत किती माणसं आहेत, ते पहिला दुसऱ्याला कळवी. शून्य आल्याशिवाय रोबो हलत नसे.

आज जेवणाच्या सुट्टीनंतर दुसऱ्याच्या स्क्रीनवर आकडा एकवरच अडला. जाळी तर रिकामी होती.

मेंटेनन्सच्या उझ्मानं वैतागून केबलच उपटून काढली. तरी आकडा हटेना.

"जुनाच आकडा अडकलाय," ती ऑपरेटर ज्ञानेशला म्हणाली. "मी आत बघते, तू स्क्रीनवर लक्ष ठेव."

केबल हातात धरूनच ती आत शिरली. रोबोच्या मागेही कुणी नव्हतं.

"ताई, आता दोन दाखवतंय."

ती झटकन बाहेर आली.

"आता?"

"शून्य," ज्ञानेश म्हणाला, आणि तिच्यापासून मागे सरकला.